रिबेकाताईंचा उजवा पाय

मी बत्तीस वर्षं पाय बनवले. घाटकोपरला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमागे पत्र्याची शेड होती, तिथे. दोन भट्ट्या, एक लांब टेबल, चालायचा सराव करायला दोन समांतर दांडे आणि भिंतीला टांगलेले प्लास्टरचे पांढरे पाय. नवा माणूस आत आला की भिंतीकडे बघून आधी गप्प व्हायचा. मग कुणीतरी चहा आणायचं आणि तो बोलायला लागायचा.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या नाताळ अंकासाठी संपादकांनी सांगितलं, तुमच्या कामातला एखादा चमत्कार लिहा. बत्तीस वर्षांत माझ्या टेबलावर चमत्कार झाला नाही. झाला असता तर आमचं दुकान बंद पडलं असतं. त्याऐवजी मी केलेलं एक वाईट काम लिहितो. ज्यांच्याबाबतीत केलं त्या रिबेका साळवे यांना विचारूनच लिहितोय. त्या म्हणाल्या, "लिहा. पण मला संतीण करू नका."

आधी काम काय असतं ते सांगतो. लोकांना वाटतं की खोटा पाय म्हणजे खालचा पंजा. पंजा तयार मिळतो. आमचं खरं काम वरच्या वाटीत, तिला आम्ही सॉकेट म्हणतो. गुडघ्याखाली जेवढा पाय उरलाय तो या वाटीत बसतो आणि माणसाचं सगळं वजन तिथे येतं. उरलेल्या पायाचं ओल्या प्लास्टरच्या पट्टीने माप घ्यायचं, त्यावरून साचा ओतायचा, साचा कानशीने घासायचा. जिथे मांस आहे तिथे जास्त घासायचं, म्हणजे वाटी तिथे घट्ट बसते. नडगीच्या हाडाच्या टोकाशी उलट साच्यावर प्लास्टरची भर घालायची, म्हणजे वाटीत तिथे पोकळी राहते. ही भर कमी पडली की हाड टोचतं. माणसाला चालवायचं, पाय काढायचा आणि कातडी बघायची. लाल डाग असला तर दहा मिनिटं थांबायचं. डाग विरला तर ठीक. विरला नाही तर त्या जागी वाटी गरम करून बाहेर ढकलायची. अर्ध्या तासाचं काम.

बाकी सगळं माणसाच्या तोंडावर असतं. त्याने सांगायला हवं की कुठे दुखतंय. भांडुपचे परबतात्या होते, गिरणीतून सुटल्यावर वॉचमन झालेले. ते अकरा वर्षं एकच पाय दुरुस्त करून घेत आले. "माका नवो नको. ह्योच बरो कर," म्हणायचे आणि पाय घातल्या घातल्या सुरू. "हय टोचता. थय टोचता. मेल्या, तू स्वतः घालून बघ." असा माणूस मिळाला की आम्ही खूश. गप्प बसणाऱ्या माणसाची भीती वाटायची.

माझ्या बरोबर कांबळे होता. मूळचा जालन्याकडचा, घरी बुद्धवंदना, बोलायला तोंडाळ, हाताला सोनं. बावीस वर्षं आम्ही एका टेबलावर काम केलं. पाय घालून माणूस दांडे सोडून पहिलं पाऊल टाकायचा आणि हात वर करायचा, देवाची कृपा म्हणून. कुणाचा विठोबा, कुणाचा अल्ला, कुणाचा येशू. कांबळे शमुवेलचा सॅम करून माझ्या कानात म्हणायचा, "सॅम, आपलं नाव कोण घेतच नाही ना." मी हसायचो. पण खरं सांगायचं तर मला ते लागायचं. साचा घासून माझी बोटं सोलायची आणि आभार दुसऱ्याचे.

आणि पुष्कळदा तो दुसरा माझाच देव असायचा, हे आणखी. मी जन्मापासून ख्रिस्ती. वडील खेड्यातल्या चर्चमध्ये पाळकांचे, म्हणजे पाद्रींचे, मदतनीस होते. जोगेश्वरीच्या आमच्या चर्चमध्ये मी कमिटीत होतो, रविवारी प्रार्थनेला उभं करायचे ते मलाच. माझी भाषा चांगली म्हणून. बाया म्हणायच्या, शमुवेलभाऊ प्रार्थना करतात तेव्हा अंगावर काटा येतो.

मग माझी बायको रूथ आजारी पडली. पोटाचा कॅन्सर, कळला तेव्हा पुढे गेलेला. त्याच महिन्यात आमच्याच मंडळीतल्या रिबेकाताईंची मुलगी प्रेरणा, तेरा वर्षांची, मेंदूज्वराने बेशुद्ध होती. पाळकसाहेबांनी शुक्रवारी दुपारी उपास-प्रार्थना ठेवली. दोन नावं एका कागदावर. रूथ आणि प्रेरणा. चार शुक्रवार मंडळी उपाशी बसली. एकाच तोंडाने, एकाच वेळी, दोघींसाठी मागितलं.

चौथ्या आठवड्यात प्रेरणाने डोळे उघडले. त्याच आठवड्यात रूथ गेली.

पुढच्या रविवारी रिबेकाताई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. आमच्याकडे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतात, त्याला साक्ष म्हणतात. त्या म्हणाल्या, "प्रभूने ऐकलं." एवढंच म्हणाल्या आणि रडल्या. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. माझ्या डोक्यात एकच आलं, की आमचं का नाही. कागद तर एकच होता.

त्या दिवसापासून माझी प्रार्थना आतून बंद पडली. बाहेरून चालू होती. रविवारी मी उभा राहायचो, शब्द आपोआप यायचे, बायांच्या अंगावर काटा यायचा. घरी आल्यावर भाजी चिरताना मी विचार करायचो की हे मी कुणाशी बोललो. तो नसेलच तर मी पन्नाशीला आलेला एक माणूस, डोळे मिटून छताशी बोलतोय. आणि असला तर त्याने कागदावरचं एक नाव वाचलं, दुसरं गाळलं. दोन्हींतलं काहीही मला सहन होत नव्हतं. सांगायचं कुणाला? पाळकसाहेबांना सांगावं तर ते म्हणणार, प्रार्थना करा भाऊ.

चर्चमध्ये ज्यांना शंकाच येत नाही अशी माणसं असतात. आधी मला ती जरा बावळट वाटायची. आता त्यांचा इतका हेवा वाटायला लागला की शेजारी बसवेना. आणि सगळ्यांत जास्त हेवा रिबेकाताईंचा. त्यांची मुलगी होती, शिवाय देवही होता. सहा वर्षं मी त्यांच्याशी "जय ख्रिस्त" पलीकडे बोललो नाही.

सहा वर्षांनी त्याच रिबेकाताई कुबड्या घेऊन माझ्या शेडच्या दारात उभ्या. मधुमेह होता, अंगठ्याची जखम चिघळली, उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. बरोबर प्रेरणा, एकोणीस वर्षांची, आईपेक्षा वीतभर उंच. मी आधी मुलीकडेच बघितलं. चांगली धडधाकट, केस मोकळे, हातात मोबाइल. माझी नजर हटेना.

"भाऊ, माप तुम्हीच घेणार ना? मग मला काळजी नाही," रिबेकाताई टेबलावर बसत म्हणाल्या. "प्रभूनेच तुम्हाला इथे ठेवलंय."

"प्रभूने नाही, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजने ठेवलंय."

त्या मनापासून हसल्या. त्या पवईच्या एका शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचं-उतरवायचं काम करायच्या. बसवाल्याने जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत जागा धरून ठेवली होती. नवरा कधीच गेलेला, प्रेरणाचं कॉलेज चालू. बसची पहिली पायरी उंच असते, म्हणून गुडघा शाबूत असल्याचं त्यांना फार बरं वाटत होतं.

प्लास्टर गुंडाळताना मी विचारलं, "पाय गेला तेव्हा राग नाही आला?"

"कुणाचा?"

"प्रभूचा."

"त्याला माहीत असेल काय करायचंय ते," त्या म्हणाल्या. बस किती वाजता येते ते सांगावं तसं सांगितलं. मी पट्टी गुंडाळत राहिलो. रूथसाठी मी असं एकदाही म्हणू शकलो नव्हतो.

पाय तयार झाला. मे महिना, शेडमध्ये पंखा गरम हवा फेकत होता. त्या दांड्यांमधून चार फेऱ्या चालल्या. चाल चांगली होती. मी पाय काढला, मोजा उतरवला. नडगीच्या टोकाशी लाल डाग, नाण्याएवढा. मी अंगठ्याने दाबला. दहा मिनिटं थांबलो. डाग तसाच.

"इथे दुखतंय?"

"नाही भाऊ. प्रभूच्या कृपेने एकदम मस्त."

मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, हे मला माहीत होतं. डाग विरला नाही म्हणजे काय, हे मी पोरांना शिकवायचो. अर्ध्या तासाचं काम. वाटी गरम करायचं हीटर मी उचललंही होतं. तेव्हा माझ्या मनात शब्द आले, ते जसेच्या तसे लिहितो: मग त्यालाच विचारा. हीटर मी खाली ठेवलं.

भट्टीपाशी उभ्या असलेल्या कांबळेने मान न वळवता विचारलं, "डाग बघितलास का रे?"

"बघितला. जातोय," मी म्हणालो, आणि कार्डावर सही केली.

त्यांचं वाईट व्हावं असं मला वाटत होतं का? हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. थोडं दुखावं असं वाटत होतं. एकदा तरी त्यांनी म्हणावं, की दुखतंय आणि तो ऐकत नाही. मला सोबत हवी होती. त्यासाठी मी त्यांच्या कातडीशी खेळलो.

त्या रविवारी रिबेकाताई चर्चमध्ये चालत पुढे गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या म्हणाल्या, "प्रभूने शमुवेलभाऊंचे हात वापरले." पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीसाठी मलाच उभं केलं आणि मी प्रार्थना केली, नेहमीसारखी छान. आमेन म्हणून डोळे उघडले तर त्या डाव्या पायावर भार देऊन उभ्या होत्या. उजव्यावर टेकत नव्हत्या. बाकी कुणाच्या ते लक्षात येणार नाही. माझ्या आलं. तरी मी गप्प राहिलो.

तीन आठवड्यांनी प्रेरणाचा फोन आला. आईला ताप आहे, पायाला जखम झाली आहे, आमच्याच हॉस्पिटलमध्ये आणलंय. मी धावत वॉर्डमध्ये गेलो. डॉक्टर पट्टी सोडत होते. जखम बरोबर त्याच जागी. बाहेर आल्यावर ते म्हणाले, पू वर सरकला तर गुडघाही काढावा लागेल.

आमच्या धंद्यात गुडघा म्हणजे सगळं. गुडघा असला की माणूस बस चढतो, जिना चढतो, उकिडवा नाही बसला तरी खुर्चीतून एकटा उठतो. गुडघा गेला की प्रत्येक पायरी हा वेगळा प्रश्न. मधुमेहाच्या बाईला, पंचेचाळिशीनंतर, बसच्या कामाला ते जमणार नव्हतं. मला हे डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत होतं.

शेडमध्ये परत आलो तर कांबळेच्या हातात ताईंचं कार्ड. "तू म्हणाला होतास डाग जातोय."

"जात नव्हता."

त्याने कार्ड खाली ठेवलं. "का रे?"

मी त्याला गेटबाहेरच्या चहावाल्याकडे नेऊन सगळं सांगितलं. कागदावरची दोन नावं, साक्ष, सहा वर्षं. इतक्या वर्षांत त्याच्याशी मी पहिल्यांदा देवाबद्दल बोललो असेन. त्याने चहा संपवला. ग्लास ठेवला.

"सॅम, देवाबिवाचं मला काही कळत नाही. मला त्याची गरज पडली नाही. पण तू तिला जाऊन सांग. आत्ता. बाकीचं मग बघ."

त्याचाही मला हेवा वाटला. त्याच्यासमोर सरळ रस्ता होता.

दुपारी भेटायच्या वेळी मी वॉर्डमध्ये गेलो. प्रेरणाला खाली औषधं आणायला पाठवलं होतं. रिबेकाताई उशीला टेकून बसल्या होत्या. मी स्टूल ओढलं आणि सांगितलं, की डाग मला दिसला होता, तो विरला नाही हे मला कळलं होतं, आणि मी तसाच पाय दिला.

"मुद्दाम?"

"हो."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी आमच्याकडे बघत होती. ताईंनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाल्या, "प्रेरणा राहिली म्हणून. रूथताई गेल्या आणि प्रेरणा राहिली म्हणून ना?"

मी मान हलवली.

"तुम्ही बाहेर जा, भाऊ."

मी बाहेर आलो आणि जिन्यात बसलो. येणारेजाणारे डबे घेऊन माझ्या बाजूने चढत होते. मी तिथे म्हणालो, तिचा गुडघा वाचव. माझं काय करायचं ते कर, तिचा गुडघा वाचव. तेच तेच, भिकाऱ्यासारखं. शब्द जुळवायचं सुचलं नाही. तो ऐकतोय की नाही हा प्रश्नही पडला नाही. सहा वर्षं तो प्रश्न माझ्या मानगुटीवर होता आणि त्या जिन्यात मी त्याला विसरलो, हे दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या विभागप्रमुखांना सगळं लेखी दिलं. त्यांनी मला सहा महिने कांबळेच्या देखरेखीखाली ठेवलं, त्याच्या सहीशिवाय माझा एकही पाय बाहेर जायचा नाही. कमी शिक्षा झाली असं मला आजही वाटतं. चर्चच्या कमिटीचा राजीनामाही दिला आणि पाळकसाहेबांना कारण सांगितलं. ते म्हणाले, "प्रार्थना करू या, भाऊ." यावेळी मला राग आला नाही.

तिसऱ्या दिवशी प्रेरणा शेडमध्ये आली. तिला सगळं कळलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईने बोलावलंय."

रिबेकाताईंचा ताप उतरला होता, चेहरा ओढलेला. मी उभाच राहिलो.

"बसा," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा खोटं बोलले. दुखत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही दुखत होतं, थोडं."

"मग सांगितलं का नाही?"

"भीती वाटायची. एकदा दुखतंय म्हटलं की सगळंच बाहेर येईल." त्यांनी चादरीची कड बोटांत गुंडाळली. "त्या दिवशी साक्ष द्यायला उभी राहिले, समोर तुम्ही. मला पुढचं बोलता येईना. माझी मुलगी का, रूथताई का नाही, हे मी रोज विचारते. पाय गेला तेव्हा वाटलं, चला, आता माझंही काहीतरी गेलं. बरंच वाटलं. असं कुणाला सांगणार?"

"मला वाटायचं, तुम्हाला कधी शंकाच येत नाही."

"मला वाटायचं, तुम्हाला येत नाही. तुम्ही प्रार्थनेला उभे राहिलात की मला तुमचा हेवा वाटतो. मला चार वाक्यं धड जुळवता येत नाहीत."

"त्या वाक्यांत काही नव्हतं, ताई. सहा वर्षं रिकामी होती."

"तरी करत होता?"

"दुसरं काही येत नव्हतं."

"मीपण तसंच करते," त्या म्हणाल्या. मग चादरीची कड सोडून, "मी तुम्हाला माफ केलं नाही. करायला लागेल, ते मला कळतं. पण आज नाही होणार."

मी म्हणालो की बरोबर आहे. जाताना सवयीने विचारलं, प्रार्थना करू का.

"मी करते. तुम्ही गप्प बसा."

त्यांनी डोळे मिटले. साखर खाली येऊ दे म्हणाल्या. सकाळची नर्स फार जोरात पट्टी ओढते, तिला जरा समज दे. प्रेरणाचा पेपर आहे. "आणि शमुवेलभाऊंचा मला खूप राग आलाय, तो तूच बघ. रूथताईंना सांग, मी त्यांना विसरले नाही. आमेन."

रूथचं नाव प्रार्थनेत सहा वर्षांनी आलं होतं. मी स्वतःसुद्धा घेतलं नव्हतं, मला इतका राग होता. मी तिथेच तोंड झाकून रडलो आणि रडताना कळलं की राग अजून तसाच आहे, पण तो कुणावर तरी आहे. नसलेल्या माणसावर सहा वर्षं कुणी रुसून बसत नाही. रूथ का गेली याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आता मिळेल असंही वाटत नाही. पण त्या संध्याकाळी घरी जाऊन मी तिच्या फोटोसमोर बसलो आणि प्रभूशी भांडलो. नाव घेऊन, चांगला तासभर. रिकाम्या छताशी बोलतोय असं वाटलं नाही.

गुडघा वाचला. डॉक्टर, ड्रेसिंग आणि इन्शुलिन, अडीच महिने. जूनमधली ती जागा मात्र गेली, बसवाल्याने दुसरी बाई घेतली. ताईंचे ते चार महिने कसे गेले ते प्रेरणाला विचारा. दिवाळीनंतर दुसऱ्या शाळेत काम मिळालं. हे नुकसान माझ्यामुळे झालं आणि ते भरून निघालेलं नाही.

नवा सॉकेट करायची वेळ आली तेव्हा ताईंनी सांगितलं, माप कांबळे घेतील. मी बाजूला उभा राहून प्लास्टर भिजवून देत होतो. पाय घालून चालवताना कांबळेने विचारलं, "कसं वाटतंय?" आणि ताई सुरू झाल्या, इथे दाबतंय, तिथे ओढतंय, मागची कड मांडीला लागते. कांबळे खूश. मी मात्र भट्टीपाशी जळत उभा, की हे सगळं त्या त्याला सांगतात.

हेवा माझा पूर्ण गेला असं म्हणणार नाही. अजूनही कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं की मनात पहिली असूया येतेच. आता ती आली की मी ती प्रभूला सांगतो, त्या माणसाच्या नावानिशी. लाज वाटते, पण सांगतो. रविवारी मोठ्याने प्रार्थना करायला मी आता उभा राहत नाही. बाया कुरकुरल्या, मग त्यांना दुसरा मिळाला.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. शेवटच्या आठवड्यात रिबेकाताई आल्या. उरलेला पाय काही वर्षांनी आटतो, वाटी सैल होते, नवी करावी लागते. कांबळे सवयीने पट्ट्या घेऊन पुढे झाला. ताई टेबलावर बसल्या, पाय काढला, मोजा उतरवला आणि म्हणाल्या, "कांबळेभाऊ, तुम्ही बसा. यांना घेऊ द्या."

मी हात धुतले. विनाकारण दोनदा धुतले. जखमेच्या जागी कातडी पातळ, चकचकीत झाली होती. पट्टी भिजवून मी गुडघ्यापासून खाली गुंडाळत आलो, दोन्ही तळव्यांत तो पाय धरला, अंगठे गुडघ्याच्या वाटीखाली दाबले आणि माझे डोळे मिटले गेले. किती वेळ ते माहीत नाही.

"सॅम," कांबळे हळूच म्हणाला, "प्लास्टर घट्ट व्हायला लागलंय रे."

"थांबा जरा," रिबेकाताई त्याला म्हणाल्या. "त्यांचं होऊ दे."